मागच्या दिव्याची काच

आमच्या घरात मुलाच्या लग्नाचा विषय जेवढा निघाला नसेल तेवढा एका मोटारीच्या मागच्या दिव्याच्या लाल काचेचा निघाला. काच ती केवढी, तळहाताएवढी. पण तिच्यावरून बाप-लेकात जे झालं ते मी अजून कुणाला धड सांगू शकलेले नाही. बारामतीत आमच्या कॉलनीतल्या बायका विचारतात, गाडी झाली का हो पुरी? मी म्हणते, झाली. त्यापुढं काय सांगायचं?

गाडी सासऱ्यांची. म्हणजे मूळची इंदापूरकडच्या एका बागायतदाराची, सासरे तिच्यावर ड्रायव्हर होते. लांबलचक अमेरिकन गाडी, पुढं दात विचकल्यासारखी चकचकीत जाळी, मागं दोन लाल दिवे. गावात तिला आगबोट म्हणत. तिचं पेट्रोल पिणं मालकाला झेपेना, त्यांनी जीप घेतली आणि आगबोट आली सासऱ्यांकडं. सासऱ्यांनी तिचं मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं आणि इंदापूर ते भिगवण शिटा भरायला सुरुवात केली. आत माणसं, टपावर माणसं, डिकीत शेळ्या. त्या गाडीच्या जिवावर त्यांनी ह्यांना डिप्लोमापर्यंत शिकवलं. आमच्या घरात देव मानत नाहीत, पण शिक्षण मात्र देव्हाऱ्यात बसवल्यासारखं. पुढं रस्त्यावर एसट्या वाढल्या, शिटा भरणाऱ्या वडापच्या जीपा आल्या आणि आगबोट आमच्या गावी, डाळजच्या रानात पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

आमचे हे बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. मशीनवरून उतरलेला पार्ट हातात घ्यायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, बरोबर असला तर पुढं, नसला तर लाल चिठ्ठी लावून बाजूला. सगळी नोकरी ह्यात गेली. मग घरातही नजर तीच. भाकरी जरा जाड झाली की उचलून कडेनं बघायचे, बोलायचे काही नाहीत. मी म्हणायचे, लावा लाल चिठ्ठी, म्हणजे मला कळेल तरी. मग हसायचे. माणूस लबाड नव्हता, वाईट नव्हता, पण एकदा मनात अढी बसली की तोंडाला कुलूप.

आमच्याकडं अबोल्याची एक रीत आहे. नुसतं तोंड फिरवून बसणं म्हणजे अबोला नव्हे. शेती एक, विहीर एक, कामं अडून राहतात, तेव्हा बोलायचं तर असतंच. मग तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं. माझे सासरे आणि चुलत सासरे बांधावरून बिनसलं तेव्हापासून मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, पण रोज एका विहिरीवर भेटायचे. तिथं तिसरं माणूस नसायचं. मग सासरे बैलाला म्हणायचे, ‘काय रं, आज वरच्या तुकड्याला पाणी द्यायचं का?’ आणि चुलत सासरे दुसऱ्या बैलाला सांगायचे, ‘आधी खालचं भिजू दे म्हणावं.’ मी नवी नवरी होते, हसून हसून पुरेवाट झाली. माझ्याच घरात मी एक दिवस तो बैल होईन असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमचा मुलगा एकुलता एक. शिकायला अमेरिकेत गेला, तिकडंच मोटारींच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करू लागला. थोडा अनुभव घेतो आणि येतो म्हणाला होता. त्याच्या शब्दावर ह्यांनी घरावर मजला चढवला. खिडक्या कुठं हव्यात, फरशी कुठली हवी, सगळं त्याला फोनवर विचारून. तोही सांगत गेला. रंगाचा शेवटचा हात मारायचा होता तेव्हा एकदा फोन आला. आई, मी इकडं घर घेतलंय, असं त्यानं मला सांगितलं. फोन स्पीकरवर होता, हे शेजारीच बसले होते. त्याला आवाज जात होता, त्याचा येत होता. हे माझ्याकडं बघून म्हणाले, ‘त्याला म्हणावं, वरचा मजला आमी भाड्यानं देतो.’

मी काही म्हणायच्या आत तिकडून उत्तर आलं. ‘आई, आबांना सांग, द्या.’

झालं. रक्त एकच. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी थेट एक शब्द बोलले नाहीत. मुलगा मला फोन करायचा, पण ऑफिसला जाता-येता, गाडी चालवताना. गोळ्या घेतल्यास का, पाऊस पडला का, ठेवतो. लग्नाचं काढलं की रेंज जायची. हे शेजारच्या खोलीत पेपर चाळत बसायचे. पान उलटल्याचा आवाज मात्र यायचा नाही, म्हणजे कान इकडंच.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक दिवस क्रेन बोलावली आणि आगबोट डाळजहून बारामतीला आणून अंगणात उभी केली. मला वाटलं, भंगारवाल्याला दाखवणार. हे म्हणाले, नीट करणार. तीही कशी, तर जशी कारखान्यातून निघाली तशी. स्क्रू असेल तर तेव्हाचाच, वायरीवर कापडाचं वेष्टण होतं ना, मग कापडाचंच. मूळचं इंजिन सासऱ्यांनी पोत्यात गुंडाळून, तेल पाजून शेडमध्ये ठेवलेलं होतंच. टाकून देणं आमच्या घराला ठाऊक नाही.

पण जशी निघाली तशी म्हणजे कशी, हे सांगणार कोण? सासरे गेलेले. गाडीला इतक्या हातांनी इतकी ठिगळं लावलेली, की कुठलं मूळचं आणि कुठलं भिगवणच्या वेल्डरचं हे ओळखू येईना. ह्यांनी बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावरचा एक बिल्ला रॉकेलनं घासून काढला. त्यावर बारीक आकडे आणि अक्षरं होती. कुठल्या साच्याची बॉडी, कुठला रंग, सीटचं कापड कुठलं, सगळं त्या आकड्यांत असतं म्हणे. पण त्यांचा अर्थ लावणारी पुस्तकं अमेरिकेत, जुने पार्ट अमेरिकेत, अशा गाड्या जपणारी म्हातारी माणसंही अमेरिकेत. आणि आमच्या ओळखीचं अमेरिकेत होतं कोण?

दोन-तीन दिवस हे बिल्ल्याकडं नुसते बघत राहिले. मग एका रविवारी सकाळी मला म्हणाले, ‘त्याला फोन लाव. त्याला म्हणावं, ह्या आकड्यांचा अर्थ काय?’

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन. तिकडं शनिवारची रात्र असायची. मी मध्ये खुर्ची टाकून बसायचे, मोबाइल स्पीकरवर स्टुलावर. हे म्हणायचे, त्याला विचार, दाराच्या कडेची पट्टी किती क्लिपांवर बसते. तो म्हणायचा, आबांना सांग, पुस्तकात दिलंय, पाठवतो. मला मध्ये काही बोलावंच लागायचं नाही, दोघांना सगळं ऐकू जायचं. पण मी नुसती उठून पाणी प्यायला गेले तरी बोलणं थांबायचं. दोघंही माझी वाट बघत गप्प.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात जन्म काढलेली बाई मी, मला मोटारीतलं काय कळणार? पण वर्षभरात कळायला लागलं. मुलानं पार्टांचं जुनं पुस्तक शोधून पाठवलं, ते ह्यांनी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि मी त्याला शाळेच्या पुस्तकासारखं कव्हर घातलं. मग कळलं की आमची गाडी त्या पुस्तकात बसतच नाही. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडं, आमचं उजवीकडं. आमच्यासारख्या देशांसाठी असल्या गाड्या कॅनडात बनायच्या, सुट्या भागांच्या पेट्या बोटीनं मुंबईला यायच्या आणि तिथं जोडल्या जायच्या. मग आता खरा कारखाना कुठला धरायचा? त्यावर कित्येक रविवार गेले. मुलगा म्हणायचा कॅनडा. हे म्हणायचे, जिथं नट आवळला ती मुंबई. दोघं माझ्या तोंडून भांडत होते आणि दोघांचे आवाज चढले की मला बरं वाटायचं. घरात माणसं असल्यासारखं वाटायचं.

एकदा ह्यांनी किन्नर साइडच्या दाराचं हँडल मागवलं. किन्नर म्हणजे क्लीनर, ट्रकवाल्यांचा शब्द. ड्रायव्हरच्या पलीकडची बाजू ती किन्नर साइड. मुलानं तिकडं दुकानदाराला सांगितलं, ड्रायव्हरच्या पलीकडची बाजू, आणि त्यांच्या पलीकडची बाजू म्हणजे आमची ड्रायव्हरची. हँडल आलं ते उलटं. कस्टममधून सोडवून आणलेला तो खोका उघडला तेव्हा हे इतके हसले की मला वाटलं, आता फोन उचलून लेकाशी बोलतात. हात मोबाइलपर्यंत गेलासुद्धा. पण मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘त्याला सांग.’

मी मात्र बैलासारखी नुसती उभी राहिले नाही. रविवारच्या मध्ये मुलाचा फोन आला की त्याला सांगायचे, आबा विचारत होते, थंडी फार आहे का तिकडं. ह्यांना सांगायचे, तो म्हणत होता, आबांना उन्हात काम करू देऊ नकोस. दोघंही असं काही म्हणालेले नसायचे. मी पदरचं घालायचे. ह्यांना खरं वाटायचं की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी डोक्याला टोपी दिसायची.

अशी गाडी पुरी होत आली. इंजिन लागलं, रंग झाला, सीटवर बिल्ल्यात लिहिलं होतं त्या विणीचं कापड चढलं. राहिली किन्नर साइडच्या मागच्या दिव्याची काच. ती म्हणे एका शेळीनं डिकीत चढताना शिंगानं फोडली होती. दुसऱ्या बाजूची मूळची शाबूत होती.

मुलानं पहिली काच पाठवली ती प्लॅस्टिकची, आजकाल नवीन बनवतात तसली. हे म्हणाले, कारखान्यातून काचेचीच आली होती. बरोबरच होतं. दुसरी खरी काचेची होती, पण तिच्या कडेला साच्यातून उमटलेली अक्षरं वेगळी, पुढच्या सालच्या गाडीची. तीही परत. मुलगा शोधत राहिला. मग कितीतरी आठवड्यांनी तिसरी आली. ह्यांनी ती कापडात धरून उन्हात नेली, फिरवून फिरवून बघितली आणि पुन्हा खोक्यात ठेवली. म्हणाले, न्हाय जमत.

त्या दिवशी दुपारी हे डाळजला रानात गेले होते. मी चष्मा लावला आणि खोका घेऊन अंगणात गेले. का गेले, सांगता येणार नाही. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, तपासलेलं पुन्हा तपासायची खोड. नवीन काच गाडीवरच्या जुन्या काचेशेजारी धरली. कडेची अक्षरं तीच. आतली चौकड्यांची नक्षी तीच. रंग तोच. बसवून बघितली, खाचेत जाऊन गपकन बसली. मी घाईघाईनं काढली, जणू चोरी करतेय.

हे संध्याकाळी आले तेव्हा मी चहा देता देता विचारलं, काच कशात चुकली?

‘रंग जरा फिक्का हाय,’ हे म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले. सगळी नोकरी ज्या माणसानं केसभर फरक पकडण्यात घातली, तो कपात बघून खोटं बोलत होता. आणि त्याला खोटं बोलताही येत नव्हतं.

तेव्हा मला लख्ख कळलं. काच बसली की गाडी पुरी. गाडी पुरी झाली की रविवारी विचारायचं काय? ‘त्याला म्हणावं’ म्हणून पुढं म्हणायचं काय? मला त्या माणसाची इतकी कीव आली आणि इतका राग आला, की मी स्वयंपाकघरात जाऊन पातेली आदळली.

रविवारी फोन लागला. हे म्हणाले, त्याला म्हणावं, काच फिक्की हाय, दुसरी बघ.  मग मुलगा सावकाश बोलू लागला. आई, आबांना सांग, तीच आहे. ज्या म्हाताऱ्याकडं अशीच गाडी आहे त्याच्याकडं मी बर्फातून गेलो होतो, त्याच्या गाडीच्या काचेला लावून बघितली. त्यानं स्वतः सांगितलं, हीच.

मी ह्यांच्याकडं बघितलं. आता तरी हो म्हणा, असं डोळ्यांनी सांगितलं.

हे म्हणाले, ‘मग त्याच्या गाडीची पन चुकीची असंल.’

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मीच गच्चीवर जाऊन लावला. मुलगा म्हणाला, त्यांना माझं काहीच पटत नाही आई, काच काय, घर काय, मी काय.  मी म्हटलं, अरे वेड्या, काच बरोबर आहे, मी लावून बघितली. तुझा फोन बंद होईल म्हणून ते चुकीची म्हणतायत.  तो म्हणाला, ‘हे त्यांनी मला सांगावं. तू तुझ्या पदरचं घालतेस, मला कळतं.’

 आजवर मी घातलेलं सगळं गोड त्या एका वाक्यात नासलं. मी खरं सांगत होते आणि तेही पदरचंच ठरलं.

खाली येऊन ह्यांना म्हटलं, पोरगं तुमच्या एका शब्दाची वाट बघतंय. हे म्हणाले, ‘आपुन त्याला काय बोललो का? काचच चुकीची हाय.’ मी म्हटलं, मी बघितलीय ती काच. हे उठले आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. पुसलेलीच गाडी.

त्यानंतरचे रविवार मला आठवावेसे वाटत नाहीत, पण आठवतात. हे सकाळी लवकर आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मोबाइल असलेल्या स्टुलाजवळ खुर्ची ओढून बसायचे. हातात काहीतरी असायचं, एखादा स्क्रू, एखादी वायर, आणि ते पुसत राहायचे. फोनची वेळ टळून गेली की मोबाइल पालथा ठेवायचे. मला काही विचारायचे नाहीत. मीही माझी खुर्ची मध्ये टाकून बसायचे. कुणाचा निरोप नाही, कुणाला द्यायचा नाही.

एका रविवारी ह्यांनी मोबाइल माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, लाव. मी लावला. तिकडून ‘हॅलो, आई’ आलं. मी काही न बोलता मोबाइल ह्यांच्या तोंडापुढं धरला. हे मोबाइलकडं बघत राहिले. ओठ हलले. तिकडून पुन्हा ‘आई?’ आलं, मग तोही थांबला. त्याला कळलं असणार, कारण फोन त्यानं ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता.

हे म्हणाले, ‘त्याला म्हणावं...’

आणि पुढं काही नाही. मी विचारलं, काय म्हणावं? बोला ना. तो ऐकतोय.

‘काय न्हाय,’ म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

मी मोबाइल कानाला लावला तेव्हा मुलगा रडत होता. त्यालाही ‘आबा’ अशी एक हाक मारता आली असती. मी ते त्याला म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, मारणारच होतो, तेवढ्यात ते उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गेले. सकाळी डाळजला पाणी बघायला म्हणून मोटरसायकलवर गेले, विहिरीजवळ छातीत कळ आली आणि तिथंच बसले. शेजारच्या रानातली माणसं गाडीत घालून भिगवणला घेऊन निघाली, पण वाटेतच सगळं संपलं होतं. मुलाला कळवलं. तो विमानात बसला, पण मातीला पोचू शकला नाही. माणसं म्हणाली, बर्फात ठेवू. मीच नको म्हटलं. जो माणूस जिवंतपणी वाट बघत बसला, त्याला मेल्यावर आणखी वाट बघायला लावायची माझी छाती झाली नाही. मुलगा आला तो दिवसकार्याच्या, म्हणजे आमच्यातल्या जलदानविधीच्या, आदल्या दिवशी. आला तसा माझ्या गळ्यात पडला आणि मग तसाच अंगणात गाडीपाशी गेला. फोटोत सगळी पाहिलेली, हातानं पहिल्यांदा. दाराची पट्टी, तिच्या क्लिपा, ते उलटं आलेलं आणि मग बदलून मागवलेलं हँडल, एकेक चाचपत फिरला.

विधी झाला, तो करायला आलेले भंते गेले, चुलते-मावश्या पांगल्या, तेव्हा तो काचेचा खोका घेऊन बसला. मी केलं होतं तेच त्यानं केलं. काच जुन्या काचेशेजारी उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिला. मग ती फडक्यात गुंडाळली आणि आपल्या बॅगेत ठेवायला निघाला.

मी विचारलं, हे काय करतोस?

‘फिक्की आहे, आई,’ तो म्हणाला. ‘आबांचं बरोबर होतं. मी दुसरी शोधतो. सापडली की फोन करतो.’

बापाचंच बोलणं, तसंच माझ्याकडं न बघता. मला हुंदका आला, आणि हुंदक्याच्याही आधी संताप आला. आता कुणाचा निरोप कुणाला द्यायचा उरला नव्हता. मी जन्मात पहिल्यांदा माझं स्वतःचं बोलले.

‘काच बरोबर आहे,’ मी म्हटलं. ‘काढ ती बाहेर आणि लाव गाडीला. आणि फोन करायचा तर नुसता कर. काचेबिचेचं कारण मला नको.’

त्यानं काच काढली. त्यानं स्क्रू आवळले, मी काच धरून ठेवली. गाडी पुरी झाली. आम्ही दोघं तिच्यापाठीमागं उंबऱ्यावर बसून राहिलो, आणि तो लहानपणी रडायचा तसा रडला.

तो परत गेला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी स्टूल पुढं ओढलं, मोबाइल ठेवला, आणि कारण नसताना खुर्ची जराशी मध्येच टाकली. वेळेवर फोन आला. ‘आई,’ तो म्हणाला. मी म्हटलं, बोल. मग दोघांनाही काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतो असं मला वाटत होतं, पण माझं म्हणून त्याला सांगायचं काय असतं आणि त्याचं म्हणून विचारायचं काय, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मोबाइलवर मिनिटं पुढं सरकत होती. मी विचारलं, थंडी आहे का रे तिकडं? तो म्हणाला, आहे.